वापसा

मराठीत पाण्याशी जोडलेली क्रियापदे किती, याचा हिशेब आम्ही एकदा सहज मांडू लागलो आणि हाताची बोटे पुरेनात. पाणी भरावे, ओतावे, घालावे, द्यावे, पाजावे, सोडावे, तोडावे, शिंपावे, शिंपडावे. झाडाला पाणी घालतात, उसाला देतात, गुरांना पाजतात, वाफ्यात सोडतात. आशा संपली की तिच्यावरही पाणी सोडतात, आणि दैव फिरले की वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरते. या एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून नुकत्याच पेरलेल्या बियांच्या वाट्याला मात्र एकच शब्द येतो, तो म्हणजे शिंपडणे. 'शिंपणे' याहून तो एका पायरीने हलका आहे. त्यात बोटांची टोके आहेत, थेंबांचे अंतर आहे आणि थांबण्याची सोय आहे. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांनी किती वाफे कुजलेले पाहिले असतील, असे आम्हांला राहून राहून वाटते.

पाण्याच्या मापाचा विचार दुष्काळी मुलखातल्या माणसाने करावा, आपण कशाला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. आपला जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचा सुपा. काळी नदी आपल्याच डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. अणमोड, कॅसलरॉक या घाटमाथ्यावर मिरगानंतर जो पाऊस लागतो तो वर्षाकाठी काही हजार मिलिमीटरांत मोजावा लागतो. घराच्या पागोळ्या थांबत नाहीत, चुलीवर वाळत घातलेले कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अशा मुलखात पाणी कमी पडण्याची भीती चार महिने नसते. परंतु आमचा अनुभव असा की, जिथे पाणी भरपूर, तिथेच त्याचा बेत राखण्याची कला अधिक लागते. कोरड्या मुलखात परिस्थितीच माणसाचा हात आखडून धरते. आपल्याकडे तो आपणच आखडावा लागतो. आपल्या भागातले कुणबी शेतकरी मुडलीसारखे कंद लावताना मातीचे उंचवटे करतात आणि भाजीसाठी पावसाळ्यात गादीवाफे घालतात. त्यामागचे कारण एवढेच की, पाणी आणण्याची व्यवस्था पाऊस करतो. त्याला वाट काढून देण्याची व्यवस्था माणसाने करायची असते.

बियाला पाणी कशासाठी लागते, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण किती लागते आणि केव्हा नको असते, हे शिकायला शेताच्या बांधावर जावे लागते. बी पाण्यात पडले की प्रथम ते फुगते. या फुगण्यात जिवंतपणाचा काहीच भाग नाही. मेलेले बीही पाणी पिऊन तितकेच फुगते. त्यानंतर एक काळ असा येतो की, बाहेरून पाहणाऱ्याला काही घडताना दिसत नाही. पाणी आत घेण्याचा वेग मंदावतो, बी जणू विचारात पडते. खरे काम याच काळात चालते. वर्षभर निजलेले अवयव जागे होतात, मोडतोड दुरुस्त होते, साठवलेल्या अन्नाचे साखरेत रूपांतर होऊ लागते आणि बी जोराने श्वास घेऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात मूळ टरफल फोडून बाहेर येते. म्हणजे बियाला सर्वांत जास्त हवा लागते ती नेमकी आपल्याला काहीच दिसत नाही त्या मधल्या दिवसांत. आणि आपला धीर सुटतो तोही त्याच दिवसांत. दोन दिवस झाले, चार दिवस झाले, अजून कोंब नाही; मग माणूस तांब्या उचलतो. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांतली हवा हाकलून पाणी तिथे जाऊन बसते. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पटींनी सावकाश तो पाण्यातून पसरतो. आपण तहान भागवतो आहोत अशा समजुतीने ओतलेले पाणी बियाचा श्वास कोंडून टाकते.

त्यातून उगवलेच तर दुसरे संकट उभे राहते. सतत ओल्या मातीत पिथियमसारख्या बुरशीवर्गीय जीवांचे फावते. त्यांचे सूक्ष्म बीजाणू पाण्यातून अक्षरशः पोहत जाऊन कोवळ्या मुळाशी पोहोचतात. काल ताठ उभे असलेले रोप आज जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडते. रोपे कोलमडणे म्हणतात ते हेच. मिरची, वांगी, कोबी यांच्या वाफ्यांत हा प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हेही ठाऊक असेल की, आडव्या पडलेल्या रोपाला पाहून घरातले माणूस प्रथम म्हणते, 'पाणी कमी पडलं वाटतं!'

भाताचे मात्र वेगळे. पाण्याखाली, प्राणवायू अगदी थोडा असतानाही ते अंकुरू शकते. पण तिथेही निसर्गाने एक तडजोड केलेली आहे. पाण्यात बुडालेल्या भाताचा कोंब आधी वर धावतो, हवेचा पत्ता लागेपर्यंत उंच होतो, आणि मुळे तोवर थांबून राहतात. मूळ न धरलेले असे रोप पाण्याच्या हेलकाव्याने उपटून तरंगू लागते. म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांनी भाताचेही बी पाण्यात ठेवून दिले नाही. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवायचे, पोचट दाणे वर येतील ते काढून टाकायचे आणि तळाचे जड बी गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचे, ही रीत आता कृषी विद्यापीठेही सांगतात. मोड आणायचे असतील तर ते बी दिवसभर भिजवायचे आणि मग उपसून, निथळून, गोणपाटात बांधून, वर पेंढा व वजन ठेवून उबेला ठेवायचे. मधूनमधून कोमट पाण्याचा हबका मारायचा, इतकेच. पुढे चार महिने गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्या पिकाचा जन्मसुद्धा निथळलेल्या गोणपाटात होतो, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

मातीतल्या या योग्य ओलीसाठी देशावरच्या शेतकऱ्याकडे एक शब्द आहे: वापसा. आमच्या घरच्या बोलण्यात तो बेळगाव-खानापूरकडच्या सोयऱ्यांमुळे आला. पाऊस पडून गेल्यावर लगेच पेरीत नाहीत. वापसा येण्याची वाट पाहतात. जास्तीचे पाणी खाली निघून गेले आहे, मातीच्या कणांभोवती ओलावा धरलेला आहे आणि पोकळ्यांत हवा परत आली आहे, अशी ती अवस्था. ती ओळखण्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही. मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. बोटांतून पाणी निघाले तर थांबावे. गोळाच झाला नाही तर पाणी द्यावे. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच तो भुसभुशीत फुटला, तर वापसा आला असे समजावे. ओल आणि हवा यांच्या समेटाला एका शब्दात पकडणारी ही भाषा आपली आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आणि हा शब्द आता शहरात राहणाऱ्या आपल्या मुलांना अनोळखी झाला आहे, याची खंतही वाटते.

आपल्या पूर्वजांनी या बेताचे शिक्षण केवळ शेतावर सोडले नव्हते. ते देवघरातही आणून ठेवले होते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. आमच्याकडे त्याला रुजवण घालणे म्हणतात. चाळलेली माती पसरायची, तीत भात, गहू, मूग अशी धान्ये पेरायची आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. नऊ दिवसांत अंकुर वीतभर होतात. देवघरातल्या अंधारामुळे ते हिरवे होत नाहीत, पिवळेधमक राहतात. दसऱ्याला ते पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या केसांत जातात. धान जितके दाट तितके वर्ष चांगले, अशी समजूत असल्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वाटते की, आपणही त्यावर थोडे पाणी घालावे. पण ज्या घरी प्रत्येकाने घातले, त्या घरी पाचव्या दिवशी देवघरात आंबूस वास सुटतो आणि म्हाताऱ्या बायका काही न बोलता एकमेकींकडे पाहतात.

वास्तविक घट मातीचाच का असावा, याचे उत्तर त्या वासात आहे. न झिलई केलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी पाझरते, हे उन्हाळ्यात माठाचे थंड पाणी पिणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. घटाभोवतीची माती कोरडी झाली की ती घटातले पाणी आपल्याकडे ओढते. पुरेशी ओली झाली की तिची ओढ मंदावते. म्हणजे किती पाणी घ्यायचे हे घट ठरवीत नाही, माती ठरविते. देणारा भरलेला आहे आणि घेणारा आपल्या गरजेपुरते घेतो आहे, यापेक्षा चांगले दान कोणते असेल? चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंग-चि नावाच्या जाणकाराने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. तो आज अखंड उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथांनी घेतलेल्या उताऱ्यांतून तो आपल्यापर्यंत आला. त्यात वेलवर्गीय फळे लावण्याची एक रीत सांगितली आहे. खड्ड्याच्या मध्यभागी मातीचे भांडे जमिनीच्या पातळीपर्यंत पुरावे, ते पाण्याने भरावे, भोवती बिया लावाव्यात, तोंडावर झाकण ठेवावे आणि पाणी कमी झाले की भांडे पुन्हा भरावे. आपल्या देवघरातला घट आणि त्या चिनी शेतातले मडके यांची कधी भेट झाली असेल असे आम्ही म्हणणार नाही. मातीचा गुण दोन्हीकडे सारखाच, आणि शहाणपण मातीपासूनच शिकलेले, एवढे मात्र खरे.

आपल्याकडेही सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, थंडीत एक दिवसाआड द्यावे आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा द्यावे, असा त्याचा नियम आहे. त्यातला तिसरा भाग आम्हांला विशेष आवडतो. पहिल्या दोन ऋतूंत त्याने वेळापत्रक दिले. तिसऱ्यात वेळापत्रक गुंडाळून ठेवले आणि सांगितले की, जमिनीकडे पाहा. जोयड्याच्या माणसाला दीड हजार वर्षांपूर्वीच्या या आचार्याने जणू नाव घेऊन सल्ला दिला आहे.

हे सारे आम्ही पुस्तकांतून जुळविले असले तरी त्याची खरी उजळणी आम्हांला आमच्या आत्याने दिली. आत्याचे सासर सुपा गावाजवळ होते. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि १९८०च्या दशकात जुने सुपा गाव, तिथला बाजार, आसपासच्या वाड्या आणि नदीकाठची भातशेती जलाशयाखाली गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, बरीच कुटुंबे रामनगरला वसली, आणि धरणातली वीज दूरवरच्या घरांत पोहोचली. त्या घटनेचा हिशेब मांडण्याची ही जागा नव्हे. आम्हांला सांगायची आहे ती एक लहानशी गोष्ट. घर सोडताना प्रत्येकाने काय काय उचलले याच्या कथा आपल्यापैकी अनेक घरांत आहेत. कोणी देव्हारा नेला, कोणी उंबरठा उखडून नेला, कोणी तुळशीची माती फडक्यात बांधली. आत्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या शेणाच्या थाप्या सुरीने अलगद सोडवून पितळी डब्यात भरल्या. त्या थाप्यांत तवशाचे बी होते. पिकून पिवळ्या झालेल्या तवशाचे बी धुऊन, राख लावून, शेणात कालवून भिंतीवर थापण्याची जुनी रीत आपल्या सर्वांच्या माहितीची आहे. चुलीच्या धुराने त्याला कीड लागत नाही. भिंत पाण्याखाली गेली, थाप्या रामनगरला आल्या, आणि त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षे दर पावसाळ्यात त्या तवशाचा वेल कोणाच्या ना कोणाच्या मांडवावर चढत राहिला.

ऑगस्ट २०१९मध्ये जो पाऊस झाला तो आपण विसरलेलो नाही. त्या आठवड्यात सगळ्या उत्तर कन्नडमध्ये नद्यांनी काठ सोडले. आत्याच्या परसातले वेल फळ धरण्याच्या वेळीच मुळांतून कुजले आणि बियासाठी राखलेले एकही तवसे हाती लागले नाही. इतर नातलगांकडे चौकशी केली, तेव्हा असे निघाले की, प्रत्येक घर दुसऱ्या घराच्या भरवशावर होते. बाजारात पाकिटातले बी मिळू लागल्यापासून कोणीच ते राखले नव्हते. शोधाशोध करता आत्याच्या फळीवर एक जुनी थापी सापडली. ती फोडून पाहिली तर अकरा बिया धड निघाल्या. तवशाचे बी काही वर्षे तग धरते, पण दर वर्षाला त्यातला जीव कमी होत जातो. आत्या त्या अकरा बिया पदराच्या टोकाला बांधून हिवाळ्यात आमच्या घरी राहायला आली.

पुढच्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता. त्यासाठी बेंगळूरहून मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात आली, आणि त्याच दिवसापासून देशभर सगळे व्यवहार बंद झाले. चार दिवसांसाठी आलेली माणसे अडीच महिने राहिली. मेच्या मध्यावर आत्याने अंगणाच्या कडेला मातीचा उंचवटा करविला, कुजके शेणखत मिसळले, मधोमध कुंभाराकडचे एक लहान मडके गळ्यापर्यंत पुरले आणि रात्रभर भिजवलेल्या अकरा बिया भोवती टोचल्या. चिनी ग्रंथाचे नाव तिने कधी ऐकले नव्हते. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "घट बसवला की बाबा! नवरात्रातच बसवावा असं कुठं आहे?"

घरात माणसे पाच, काम थोडे आणि काळजी मोठी. अकराच बिया, पुन्हा मिळणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. वरून मेचे ऊन. दुसऱ्याच दिवशी आत्याने उंचवट्यात बोट खुपसले, वास घेतला आणि सगळ्यांना ओसरीवर बोलावले. सकाळी मुलगा, दुपारी सूनबाई, संध्याकाळी नात, प्रत्येकाने आपापल्या परीने बियांची सेवा केली होती आणि कोणीच दुसऱ्याला विचारले नव्हते. आत्या रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बी एक आणि आया चार. जगायचं कसं त्यानं?" मग तिने नारळाच्या करवंटीला खिळ्याने तीन भोके पाडली आणि ती नातीच्या हातात दिली. नियम दोन. करवंटीला हात फक्त तिनेच लावायचा. आणि पाणी घालण्यापूर्वी बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहायचे. बोटाला माती चिकटून आली तर करवंटी जागेवर ठेवायची.

आम्ही ओसरीवरून तो सोहळा रोज पाहत होतो. पहिल्या दोन दिवसांत करवंटी भरलीच गेली नाही, कारण माती आधीच तृप्त होती. तिसऱ्या दिवशी नातीला परवानगी मिळाली; तीन भोकांतून पाणी पडले ते इतके थोडे की तिचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी तिने विचारले, "आजी, उकरून बघू?" घरात मराठी ऐकणारी पण कन्नड व इंग्रजीत बोलणारी ही मुलगी; हा तिचा आम्ही ऐकलेला पहिला अख्खा मराठी प्रश्न. आत्या म्हणाली, "उकरून पाहिलेलं बी रुजत नाही गं. त्याला तहान लागली की माती सांगेल तुला." पाचव्या दिवशीही काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी मडक्याच्या पूर्वेच्या अंगाला माती किंचित उचलली गेली आणि तिच्यातून मान वाकवलेला एक फिकट कोंब वर आला. आठवड्याभरात अकरांपैकी पाच उगवले. जुलैच्या पावसात दोन गेले. तीन वेल मांडवावर पोहोचले, आणि आत्याने प्रत्येकावरचे पहिले चांगले तवसे दोऱ्याने बांधून बियासाठी राखले.

पाच उगवले ते पाणी कमी घातल्यामुळेच, असा सिद्धांत आम्ही यावरून मांडत नाही. उरलेले सहा कदाचित आधीच मेलेले असतील. त्यांना कसल्याही पाण्याने जाग आली नसती. आणि बेत म्हणजे हयगय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. एकदा मूळ बाहेर पडले की बियाला मागे फिरता येत नाही; त्या घडीला दोन दिवस माती कोरडी पडली तर ते कायमचे वाळते. आत्याने करवंटी नातीला दिली होती, तशीच रोज बोट घालून पाहण्याची सक्तीही केली होती. पाणी न घालण्याचा दिवससुद्धा बियाकडे जाऊन, वाकून, मातीला विचारून मगच ठरवायचा होता. लक्ष रोजचे, पाणी गरजेचे; आम्हांला वाटते, यात सगळे आले.

आपल्या वाचकांना हे सांगण्यामागे आमचा आणखी एक हेतू आहे. आपली घराणी या मुलखात केव्हा आली याच्या तारखा कोणाकडे नाहीत. कोणी गोव्याकडून आले, कोणी घाटावरून. १९५६पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आपल्या वडिलांच्या पिढीचे लिहिणे-वाचणे मराठीत झाले. पुढे राज्य बदलले, मुले कन्नड शाळांतून शिकली, ते योग्यच झाले. ज्या भूमीत राहायचे तिची भाषा आली पाहिजे. आता त्यांची मुले इंग्रजीत शिकतात. घरातली मराठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शब्दांवर आली आहे, आणि आम्हां वृद्धांच्या मनात त्या अकरा बियांसारखीच धास्ती आहे. सुट्टीत नातवंडे आली की आम्ही तांब्या घेऊन धावतो. पाढे, श्लोक, बाराखडी, शुद्धलेखन, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायची कविता, आणि चुकले की चारचौघांत दुरुस्ती. प्रेम खोटे नसते. पण मुलाच्या मनातल्या मातीत हवा शिल्लक राहते की नाही, हे आम्ही पाहतो का? त्या अडीच महिन्यांत आमच्या नातीला कोणी धडा दिला नाही. ओल, वेल, आळे, मांडव, कोंब, रुजणे, तवसे, करवंटी हे शब्द तिला करवंटीच्या भोकांतून थेंबाथेंबाने मिळाले, आणि ज्याची तहान लागली तोच तिने उचलला. आज ती बारा-तेरा वर्षांची आहे. मराठी लिहिताना अडखळते, पण फोनवर पहिले वाक्य मराठीत बोलते. ते आम्ही दुरुस्त करीत नाही.

आपल्यासारख्या लहान साहित्यसंस्थांनाही ही गोष्ट लागू पडावी. एखादा मुलगा पहिली कविता घेऊन येतो, तेव्हा शाल, श्रीफळ, सत्कार आणि अध्यक्षीय समारोप यांचा असा पूर येतो की दुसरी कविता येतच नाही. त्याला एक वाचणारा माणूस आणि थोडी मोकळीक पुरली असती.

आत्या २०२२च्या थंडीत गेली. शेवटच्या आजारात तिला पाणीसुद्धा चमच्याने द्यावे लागे, आणि दोन चमच्यांनंतर ती हात आडवा करी. त्याही वेळी किती पुरे हे तिला कळत होते. तिच्यामागे दर वर्षी तवशाचे बी राखण्याचे काम आमच्या सूनबाईंनी अंगावर घेतले आहे. त्यांचे माहेर धारवाडकडचे. शेणाच्या थाप्या त्यांनी आमच्याकडेच प्रथम पाहिल्या. सिमेंटच्या भिंतीवर थापी धरत नाही, म्हणून फणसाच्या एका जुन्या फळीवर त्या थापतात आणि सुट्टी संपवून बेंगळूरला जाताना फळी चुलीच्या वरच्या खुंटीला टांगून जातात. यंदा फळीवर तेवीस थाप्या आहेत.

एका घराने दुसऱ्या घराच्या भरवशावर राहू नये हा २०१९चा धडा आहे, म्हणून हे बी आम्हांला आपल्या कुटुंबांत वाटून टाकायचे आहे. संस्थेच्या पुढच्या बैठकीला येताना एखादे फडके घेऊन यावे. प्रत्येकाला एक थापी मिळेल. पेरण्याची रीत वर सांगितलीच आहे. करवंटी मात्र ज्याची त्याने आणायची, आणि भोके तीनच पाडायची.